बाळदम्याचे पौगंडावस्थेतील पुनरागमन

बाळदमा वय वाढले की आपोआप जातो, ही समजूत महाराष्ट्रात घरोघरी आहे आणि ती सर्वस्वी खोटी नाही. अनेक मुलांचा श्वास सातव्या-आठव्या वर्षापासून शांत होत जातो. दहाव्या-बाराव्या वर्षी घरातील पंप आणि वाफेचे यंत्र माळ्यावर जाते. त्या काळात ज्या वैद्याचे औषध चालू असते, त्याला व्याधी बरा केल्याचे श्रेय मिळते. प्रश्न त्यानंतरचा आहे. चौदाव्या, सोळाव्या किंवा अठराव्या वर्षी तोच श्वास परत येतो, तेव्हा घरात तो कोणाच्या लक्षात येत नाही. रुग्ण स्वतः तो लपवतो. पुष्कळदा तो ज्याच्यासमोर प्रथम उभा राहतो तो वैद्य नसून औषधाच्या दुकानातील माणूस असतो. म्हणून हा विषय चिकित्सक आणि औषधविक्रेते या दोघांपुढे एकत्रच मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

हे पुनरागमन किती वेळा घडते, याची कल्पना न्यूझीलंडमधील एका दीर्घ पाठपुराव्यावरून येते. ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या मुलांची तेथील संशोधकांनी वर्षानुवर्षे तपासणी केली आणि त्यांच्या श्वसनाविषयीचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. संपूर्ण माहिती उपलब्ध असलेल्या ६१३ व्यक्तींपैकी ८९ जणांच्या छातीतील घुरघुर बालपणापासून वयाच्या २६ व्या वर्षापर्यंत टिकून होती. १६८ जणांची शांत झाली होती. परंतु त्यांतील ७६ जणांची २६ वर्षे पूर्ण होईपर्यंत पुन्हा सुरू झाली. म्हणजे शांत झालेल्या दर शंभरांत सुमारे पंचेचाळीस परतले. व्याधी जितक्या लहान वयात सुरू झाला, तितकी तो परतण्याची शक्यता अधिक आढळली. घरातील धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची ॲलर्जी आणि श्वासनलिकांची अतिसंवेदनशीलता ज्यांच्यात होती, त्यांच्यात घुरघुर टिकण्याचे व परतण्याचेही प्रमाण जास्त होते. हे आकडे परदेशातील आहेत, आपल्या हवेतील व आहारातील मुलांना ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही ‘गेला’ या शब्दाविषयी आपण सावध व्हावे, एवढे सांगण्यास ते पुरेसे आहेत.

याप्यत्वाचा विसर

वास्तविक आयुर्वेदाच्या चिकित्सकाला ही सावधगिरी बाहेरून शिकण्याची गरज नव्हती. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सतराव्या अध्यायात पाच श्वासांचे वर्णन करताना आचार्यांनी तमक श्वास याप्य म्हटला आहे, आणि नुकताच उद्भवलेला असेल तरच तो साध्य मानला आहे. याप्य म्हणजे काय, हे सुश्रुताचार्यांनी पडू पाहणाऱ्या घराच्या उपमेने समजावले आहे. योग्य जागी टेकू लावला तर घर उभे राहते. टेकू काढला की कोसळते. आपल्यापैकी प्रत्येकाने हे पदवी अभ्यासक्रमात पाठ केलेले असते. परंतु बारा वर्षांचा मुलगा सहा महिने धाप न लागता धावू लागला की आपल्याला घर दिसते आणि टेकू दिसेनासा होतो.

ज्या मुलाचा श्वास दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सुरू होऊन आठव्या वर्षापर्यंत वारंवार वेग येत राहिले, त्याचा व्याधी नवोत्थित म्हणता येत नाही. वेग थांबले म्हणजे प्राणवह स्रोतसातील खवैगुण्य नाहीसे झाले असेही नाही. वेग नसलेल्या काळात दोष लीन राहतात आणि देश, काल, आहार अनुकूल मिळताच उद्रिक्त होतात, हा सिद्धांत आपण विषमज्वराच्या बाबतीत सहज मान्य करतो. श्वासाच्या बाबतीत मात्र रुग्णाच्या नातेवाइकांइतकेच आपणही आशावादी होतो. आधुनिक वैद्यकानेही या अवस्थेला रोगमुक्ती न म्हणता रोगाची शांत अवस्था मानले आहे, कारण लक्षणे नसलेल्या अनेक तरुणांच्या श्वासनलिकांत सूज व संवेदनशीलता शिल्लक राहिलेली आढळते.

येथे शब्दांची निवड हा केवळ भाषेचा प्रश्न राहत नाही. ‘तुमच्या मुलाचा दमा बरा झाला’ असे ऐकलेली आई पाच वर्षांनी आलेल्या खोकल्याला दमा म्हणत नाही. ती त्याला हवामान म्हणते, थंड पेय म्हणते, अभ्यासाचा ताण म्हणते. त्याऐवजी ‘श्वास शांत झाला आहे, वयात येताना तो पुन्हा डोके वर काढू शकतो, तेव्हा अमुक लक्षणे दिसताच या’ असे सांगितले असेल तर तीच आई पहिल्या आठवड्यात येते. काही व्यावसायिकांना असे सांगितल्याने रुग्णाचा विश्वास कमी होईल अशी भीती वाटते. आमचा अनुभव उलट आहे. शिवाय औषधे व प्रसाधने नियम, १९४५ यांच्या अनुसूची ‘जे’मध्ये, म्हणजे ज्या रोगांतून बरे करण्याचा दावा औषधाने करू नये अशा रोगांच्या यादीत, श्वासनलिकांच्या दम्याचे नाव आहे. ती तरतूद कोणत्या पद्धतीच्या औषधांना किती लागू होते या वादात न शिरताही, ‘दमा मुळापासून नाहीसा’ अशा पाट्या आपल्या दवाखान्यावर वा दुकानावर शोभत नाहीत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याच वयात का?

चरकाचार्यांनी सोळाव्या वर्षापर्यंतचे वय अपरिपक्व धातूंचे आणि तेथून तिसाव्या वर्षापर्यंतचे विवर्धमान धातूंचे मानले आहे. बाल्यात कफाचे प्राबल्य असते आणि मध्यम वयात पित्ताचे. पौगंडावस्था हा या दोहोंमधील सांधा होय, आणि ऋतुसंधीत जसे व्याधी उफाळतात तसे वयःसंधीतही उफाळतात. तमक श्वास कफवातात्मक असला तरी त्याचे उद्भवस्थान पित्तस्थान, म्हणजे आमाशय, सांगितले आहे, याकडे येथे विशेष लक्ष द्यावे लागते. लहान मुलाचा श्वास पाहताना आपली दृष्टी उरातील कफावर असते आणि ते योग्यच आहे. पंधरा वर्षांच्या रुग्णात मात्र अग्नी, आमाशय आणि अपान यांचा विचार केल्याशिवाय पाऊल पुढे टाकता येत नाही.

या वयाची दिनचर्या पाहा. सकाळी सहाच्या शिकवणीसाठी उपाशीपोटी घर सोडायचे, दुपारी वडापाव वा नूडल्स, सायंकाळी थंड पेय, रात्री दहाला दही-भात किंवा पिझ्झा, त्यानंतर एक वाजेपर्यंत मोबाईलच्या उजेडात जागरण आणि सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवून झोप. विषमाशन, अभिष्यंदी व विदाही अन्न, रात्रिजागरण, दिवास्वाप हे सारे हेतू एकाच दिवसात गोळा होतात. शाळेतील स्वच्छतागृहे वापरण्याजोगी नसल्यामुळे मुली दिवसभर पाणी पीत नाहीत व वेग धरून ठेवतात. वेगावरोधाने अपान विगुण झाला म्हणजे प्राण व उदान सरळ चालतील अशी अपेक्षा करता येत नाही. मलावष्टंभाचा प्रश्न विचारल्याशिवाय या वयातील मुलीच्या श्वासाचे औषध लिहू नये.

मुलगा आणि मुलगी यांच्यातील फरकही येथे बदलतो. लहानपणी दमा मुलांमध्ये अधिक दिसतो; वयात आल्यानंतर हे प्रमाण उलटते आणि पुढे स्त्रियांमध्ये तो अधिक आढळतो. काही मुलींना रजोदर्शनापूर्वीच्या चार-पाच दिवसांत श्वासाचा त्रास वाढतो. आर्तवाचा इतिहास घेताना हा संबंध विचारला तर पुष्कळदा उलगडा होतो. कारण मुलगी तो आपण होऊन कधीच सांगत नाही. शरीराचे वजन फार वाढलेल्या मुलामुलींत दमा नियंत्रणात आणणे कठीण जाते, हीदेखील आता मान्य झालेली गोष्ट आहे. आपल्या भाषेत हे मेद-कफाने मार्ग अडवणे होय.

मुलांच्या बाबतीत दुसरेच प्रश्न पुढे येतात. ग्रामीण भागात सतरा-अठराव्या वर्षी पोलीस भरतीची तयारी सुरू होते. १६०० मीटर धावण्यासाठी पहाटे थंडीत, धुळीच्या रस्त्यावर, उपाशीपोटी सराव केला जातो. रज, धूम, शीत वायू व अतिव्यायाम हे चरकोक्त हेतू एका सरावात एकत्र येतात. याच वयात सिगारेटची पहिली ओढ घेतली जाते. ई-सिगारेटवर देशात २०१९ मध्ये कायद्याने बंदी आली, तरी ती मुलांच्या हाती पोहोचतच नाही असे समजू नये. हे प्रश्न आईवडिलांसमोर विचारले तर उत्तर एकच येते, आणि ते खोटे असते.

ओळख पटत नाही ती का

परतलेला दमा पूर्वीच्या वेषात येत नाही. लहानपणी मध्यरात्री उठून बसलेले, नाकपुड्या फुगवणारे मूल सर्वांना आठवत असते. किशोरवयात बहुधा कोरडा खोकला असतो. तो पहाटे, हसताना, धावल्यानंतर पाच-दहा मिनिटांनी येतो. जिना चढताना मित्रांच्या मागे राहणे, तासाभराच्या खेळातून काहीतरी निमित्त काढून बाजूला बसणे, ‘छाती आवळल्यासारखी वाटते’ असे क्वचित म्हणणे, एवढीच लक्षणे असतात. त्याआधी काही महिने पीनस सुरू झालेला असतो: सकाळी एकामागून एक शिंका, नाक चोंदणे, डोळे व टाळू खाजणे. प्रतिलोम झालेला वायू मान व मस्तक पकडून कफ उचलतो आणि पीनस निर्माण करतो, असे तमकाच्या संप्राप्तीत सांगितलेलेच आहे. नाकाची चिकित्सा दुर्लक्षून छातीचे औषध देत राहणे ही आपल्या व्यवसायातील फार सामान्य गोष्ट आहे.

आमच्याकडे नववीत शिकणारी एक पंधरा वर्षांची मुलगी रात्रीच्या खोकल्यासाठी आणली गेली. चौथ्या ते नवव्या वर्षापर्यंत तिला बाळदमा होता, त्यानंतर पाच-सहा वर्षे काही नव्हते. रजोदर्शनानंतर वर्षभरात खोकला सुरू झाला. निरनिराळी खोकल्याची औषधे झाली होती, छातीची क्षकिरण तपासणी निर्दोष होती, क्षयाची शंका निवारली गेली होती. आईने सर्व इतिहास सांगितला. मग आम्ही मुलीशी एकटीशी बोललो, शेजारी आमच्या सहकारी वैद्या होत्या. तेव्हा कळले की शाळेच्या दप्तरात सॅल्ब्युटॅमॉलचा पंप आहे, तो ती खाऊच्या पैशातून दुकानातून घेते आणि एक पंप तीन-चार आठवडे पुरतो. पाळीच्या आधीच्या आठवड्यात तो त्याहून लवकर संपतो. हे तिने कोणाला सांगितले नव्हते, कारण ‘दमेकरी मुलगी’ हा शब्द घरात लग्नाच्या संदर्भात तिच्या कानावर पडला होता.

पीक फ्लो मीटरवर तिचा आकडा सकाळी २१० आणि सायंकाळी २८० होता. एकाच दिवसातील एवढा चढउतार निदानाला बळ देतो. आम्ही तिला छातीच्या विकारांच्या तज्ज्ञांकडे पाठविले. तेथे स्पायरोमेट्री होऊन श्वासातून घ्यावयाचे स्टेरॉइडयुक्त नियमित औषध सुरू झाले. त्याबरोबर आमच्याकडे मलावष्टंभासाठी रात्री मृदू अनुलोमन, दोन्ही वेळच्या जेवणाआधी आल्याचा तुकडा सैंधवासह, वासा-कंटकारी-यष्टीमधूचा काढा, सकाळी नाकात तिळाच्या तेलाचे दोन थेंब प्रतिमर्श नस्य म्हणून, आणि छातीला सैंधवयुक्त कोमट तेल लावून शेक असा क्रम ठेवला. रात्रीचे दही व दुपारची झोप बंद केली. चार महिन्यांनी सकाळचा आकडा ३४० वर स्थिर झाला. दीड वर्षानंतर आजही ती तज्ज्ञांच्या सल्ल्याने अल्प मात्रेत औषध घेते आणि खेळाच्या तासाला मैदानावर असते. एका रुग्णावरून सिद्धांत काढू नये, आणि यातील किती श्रेय कोणत्या औषधाचे हे आम्ही सांगू शकत नाही. हा इतिहास दिला तो दप्तरातील पंपासाठी.

औषधाच्या दुकानात

हा पंप तिने दुकानातूनच घेतला होता. आमचे अनेक वाचक आयुर्वेदीय औषधांबरोबर आधुनिक औषधेही विकतात, त्यांच्यासाठी पुढील गोष्ट महत्त्वाची आहे. सॅल्ब्युटॅमॉल श्वासनलिका तात्पुरती रुंद करते, आतील सूज कमी करीत नाही. केवळ त्याच्यावर अवलंबून राहणे बारा वर्षांवरील रुग्णांसाठी योग्य नाही, अशी भूमिका दम्यासंबंधीच्या ‘जीना’ या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून घेतली आहे. दोनशे मात्रांचे तीन किंवा अधिक पंप वर्षभरात लागत असतील तर तीव्र वेगाचा धोका वाढतो. वर्षात बारा म्हणजे महिन्याला एक लागत असेल तर मृत्यूचा धोका वाढतो. ही मोजणी वैद्याला करता येत नाही, दुकानदाराला येते. तोच मुलगा महिन्यात दुसऱ्यांदा पंप मागतो तेव्हा बिल करण्यापूर्वी ‘कोणाकडे दाखवले आहेस?’ एवढा प्रश्न विचारण्यास अर्धे मिनिट लागते.

दुसरा विषय पुड्यांचा. गावोगावी दम्याच्या ‘खास पुड्या’ मिळतात आणि त्यांत डेक्सामेथॅसोन, प्रेडनिसोलोन यांसारखी स्टेरॉइडे मिसळल्याची प्रकरणे वारंवार उघडकीस आलेली आहेत. वनस्पतींच्या साध्या चूर्णाने जुनाट श्वास काही तासांत पूर्ण थांबला, भूक राक्षसासारखी वाढली, चेहरा गोल झाला, दंडावर-मांडीवर जांभळट रेषा उमटल्या, मुरुमे उसळली तर औषधाच्या गुणाचे कौतुक करण्यापूर्वी संशय घ्यावा. वाढीच्या वयात याचा परिणाम उंचीवर व हाडांवर होतो. अशी पुडी दीर्घकाळ घेतलेल्या मुलाची ती एकाएकी बंद करणेही धोक्याचे आहे, कारण शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड निर्माण होणे मंदावलेले असते. अशा रुग्णाला रुग्णालयातील तज्ज्ञांकडे पाठवून क्रमाने सोडवावे लागते. श्वासातून घेतले जाणारे स्टेरॉइड आणि या पुड्या यांना लोक एकाच मापाने मोजतात, तसे आपण करू नये. पहिल्यात मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ती मुख्यतः श्वासनलिकांत काम करते. ‘पंपाची सवय लागते’ म्हणून तो टाकून गावठी पुडी घेणारा मुलगा आगीतून फुफाट्यात जातो.

तिसरी गोष्ट आपल्याच औषधांची. कनकासवात धत्तूर आहे, श्वासकुठार रसात वत्सनाभ व मनःशिला आहेत. ही द्रव्ये औषधे व प्रसाधने नियमांच्या अनुसूची ‘ई (१)’मध्ये येतात आणि अशा औषधाच्या वेष्टनावर ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे अशी सूचना आवश्यक असते. तरीही ही औषधे मागेल त्याला मिळतात. सोमलतेतील एफेड्रीन जपानी शास्त्रज्ञ नागाई यांनी १८८५ मध्ये वेगळे केले. त्याचा हृदयावर होणारा उत्तेजक परिणाम सर्वज्ञात आहे. दिवसातून सहा वेळा सॅल्ब्युटॅमॉल ओढणाऱ्या मुलाने त्यावर सोमलता वा कनकासव घेतले तर धडधड, हातांना कंप, घशाला कोरड हे ठरलेले. पंप घेतोस का, हे विचारल्याशिवाय ही औषधे देऊ नयेत.

चिकित्सेचा विचार

वेगावस्था आणि वेगांतर यांची चिकित्सा वेगळी, हे सांगावयास नको. तमकात चरकाचार्यांनी विरेचनाचा विशेषत्वाने उल्लेख केला आहे आणि पित्तस्थानातून उद्भवणाऱ्या व्याधीला ते युक्तच आहे. शरद ऋतूत, अंगाने भरलेल्या, अग्नी ठीक असलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या रुग्णात पूर्वतयारीसह मृदू विरेचनाचा चांगला उपयोग होतो. वसंतात कफाचा उत्क्लेश स्पष्ट असेल व बल उत्तम असेल तर वमनाचा विचार करावा. तथापि पौगंडावस्थेतील बहुसंख्य मुले, विशेषतः परीक्षेच्या वर्षातील, कृश व वातप्रधान असतात. श्वासाच्या अशा दुर्बल रुग्णात कर्षण करू नये, शमन व बृंहण करावे; बृंहणात अपाय झालाच तर अल्प असतो आणि कर्षणातील अपाय आवरता येत नाही, हा चरकाचार्यांचा इशारा शिबिरांतून घाऊक वमन करणाऱ्यांनी पुन्हा वाचावा. छातीत सुंई-सुंई आवाज असताना, पीक फ्लोचा आकडा खाली असताना शोधनाला हात घालू नये.

शमनात सितोपलादी, तालीसादी, वासावलेह, कंटकारी अवलेह, दशमूळ, भारंगी, शिरीष, पुष्करमूळ ही आपली नित्याची शस्त्रे. निवड करताना एवढे पाहावे की पित्तानुबंध असलेल्या, मुरुमे व आम्लोद्गार असलेल्या मुलाला मरिच-पिप्पलीबहुल योगांनी त्रास होतो. त्याला वासा व यष्टीमधू अधिक मानवतात. पिप्पली, क्षार व लवण यांचा अतिवापर टाळावा असे चरकाचार्यांनी विमानस्थानात बजावले आहे, तेव्हा चौसष्टी पिप्पली वर्ष-वर्ष चालू ठेवण्याची पद्धत तपासून पाहावी. रसायन म्हणून वर्धमान पिप्पलीचा क्रम, अगस्त्य हरीतकी अथवा च्यवनप्राश यांचे स्थान वेगांतरात आहे आणि तेच या वयात सर्वाधिक दुर्लक्षित आहे, कारण लक्षणे नसताना औषध घेण्यास मूल येत नाही.

आधुनिक नियमित औषध चालू असताना आपले औषध सुरू करावे, ते बंद करून नव्हे. दमा किमान तीन महिने नियंत्रणात राहिल्यानंतर मात्रा पायरीपायरीने कमी करण्याची पद्धत त्या शास्त्रातच आहे. तो निर्णय ज्याने औषध सुरू केले त्याच्याशी बोलून व्हावा. एखाद्या फोनने आपली प्रतिष्ठा कमी होत नाही. पीक फ्लो मीटर स्वस्त आहे, शिकण्यास पाच मिनिटे लागतात. रुग्णाच्या स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या ८० टक्क्यांवर असेल तोवर ठीक आणि ५० टक्क्यांखाली गेला तर तातडी, एवढे माप लक्षात ठेवले तरी पुष्कळ.

घरातील हवेविषयी विचारताना मुलाच्या खोलीचाच विचार करावा. अभ्यासाची खोली बंद, पंखा धुळीने भरलेला, गादी दहा वर्षांची आणि कोपऱ्यात डासांची कॉइल, असे चित्र सर्रास दिसते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात. मच्छरदाणी हा साधा उपाय आहे. धूप, उदबत्ती, फोडणीचा ठसका, मळणीची धूळ, दिवाळीतील फटाके यांची यादी आपण देतोच. पुण्यात १९५० च्या दशकात प्रथम नजरेस आलेल्या गाजरगवताचे परागही नाकाच्या विकारात विसरू नयेत. कोजागिरीच्या रात्री चांदण्यात ठेवलेली गार खीर दम्याचे औषध म्हणून वाटली जाते आणि तिच्यासाठी रात्रभर उघड्यावर जागरण घडते. तमकाच्या हेतूंची यादी एकदा वाचली तर या प्रथेविषयी वेगळे सांगण्याची गरज उरत नाही.

रुग्णालयात केव्हा पाठवावे याबाबत कोणताही संकोच नसावा. एक वाक्य एका दमात बोलता येत नाही, मानेचे व बरगड्यांमधील स्नायू आत ओढले जातात, ओठ निळसर, रुग्ण गुंगीत किंवा अतिशय अस्वस्थ, पंपाने आराम नाही किंवा तो तासाभरही टिकत नाही, यांपैकी एकही लक्षण असेल तर काढा उकळत बसू नये. छातीतील आवाज एकाएकी थांबला आणि रुग्ण थकलेला दिसला तर ती सुधारणा नव्हे, वायूचे वहनच थांबत आले आहे. ब्रिटनमध्ये २०१४ साली दम्याने झालेल्या १९५ मृत्यूंचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यातील ८७ जण, म्हणजे जवळजवळ ४५ टक्के, वैद्यकीय मदत न मागता किंवा तातडीची मदत मिळण्यापूर्वीच मृत्यू पावले होते. रुग्णालये जवळ असलेल्या देशातील ही स्थिती आहे.

दहावीनंतर आपले बरेच रुग्ण लातूर, नांदेड, पुणे, कोटा येथे शिकवण्यांसाठी जातात आणि वसतिगृहात राहतात. तेथे नवे पाणी, नवी धूळ, खानावळीचे अन्न आणि दिवसभर अभ्यास. बाळदम्याचा इतिहास असलेल्या अशा मुलाला निघण्यापूर्वी एकदा बोलावून घ्यावे, आईवडिलांना बाहेर बसवून त्याच्याशी बोलावे आणि त्याच्या हाती मराठीत लिहिलेली अर्ध्या पानाची चिठ्ठी द्यावी. तीत लहानपणच्या दम्याची नोंद, चालू औषधांची नावे व मात्रा, पीक फ्लोचा सर्वोत्तम आकडा, वरील धोक्याची लक्षणे आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक असावा. तिचे छायाचित्र मुलाच्या मोबाईलमध्ये आणि एक प्रत खोलीतील सोबत्याकडे राहावी. पंप कोणत्या कप्प्यात आहे, हेही त्या सोबत्याला दाखवून ठेवण्यास त्याला सांगावे.